थप्पीवर दोन जास्त

३ जानेवारी

पत्र्याच्या व्यापाऱ्याने नवीन वर्षाची डायरी पाठवली. हेतल बोलली, "आई, तू लिहीत जा ह्यात. तुझी निम्मी बडबड तरी कागदावर जाईल." पोरगी डिप्लोमा करून आली तेव्हापासून आईला शिकवायचं तिने मनावरच घेतलंय. पण म्हटलं, लिहू. माझं कोण दुसरं लिहून ठेवणार?

तर मी केसर. थेरोंड्याची कोळीण. अलिबागच्या बाजारात अठरा-वीस वर्षं मासळी विकली. नवरा हरेश्वर रेवदंडा रोडवर प्रेसशॉप चालवायचा. लोखंडाचा पातळ पत्रा प्रेसखाली घालायचा आणि ट्रान्सफॉर्मरला लागणारे तुकडे कापायचे, हा धंदा. तीन वर्षांमागे तो गेला. लोक बोलले, आता शॉपला टाळं. मी टोपली खाली ठेवली आणि त्याच्या खुर्चीत जाऊन बसले. बसले ती बसलेच.

शॉपची जागा अर्धी माझी, अर्धी दिराची. विनेशभावजी जमिनीची दलाली करतात. मुंबईवाल्यांना समुद्राजवळ बंगले पाहिजेत, शनिवारी यायला आणि रविवारी जायला. भावजींचं म्हणणं, खाऱ्या हवेत मशीन गंजतं आणि जमीन पिकते. गेल्या महिन्यात घरात बसून ठरलं: मला जे प्रयोगशाळेचं काम मिळालंय ते पावसाच्या आत पास झालं तर शॉप कायमचं माझ्याकडे. नापास झालं तर मी मुकाट सही करायची आणि बंगला उठणार. मी बोलले, "मंजूर!" रागात बोलले, पण आता शब्द गेला तो गेला.

६ जानेवारी

काम काय ते लिहिते, मला स्वतःलाच तीनदा समजावून घ्यावं लागलं.

मुंबईची प्रयोगशाळा एक मशीन बांधतेय. त्यात डोळ्याला न दिसणारे कण गोल गोल पळवायचे. कण बिचारे सरळ जाणारे. वळणावर त्यांना वळवायला मॅग्नेट लागतं. आठ वळणं, आठ मॅग्नेटं. सगळी एकाच तारेवर जोडायची. मॅग्नेटाचं अंग म्हणजे पत्र्यांची थप्पी: कापलेले पत्रे एकावर एक रचायचे, जॅकने दाबायचे, दोन्ही टोकांना जाड पाट्या लावून बोल्टने आवळायचे. हे आमचं काम. तांब्याची वेटोळी दुसऱ्याकडून येतात.

मोठ्या कंपन्यांना आठ नग म्हणजे चिल्लर. म्हणून सरकारने "प्रयोगशाळा आणि उद्योग भागीदारी" अशी टूम काढली आणि अलिबागच्या हॉटेलात आम्हा छोट्या लोकांना बोलावलं. एक मॅडम भागीदारीवर बोलत होत्या, बोलतच होत्या. मी हात वर केला. विचारलं, "आमच्यात होडीवर भागीदारी असते. मालकाचा वाटा, जाळ्याचा वाटा, खलाशाचा वाटा. ह्यात आमचा वाटा कुठला?" सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

काम बघणारे साहेब डॉ. दत्तात्रेय रिसबूड. काडीसारखे बारीक, आवाज त्याहून बारीक. मांडव्याला बोटीतून उतरले तेव्हा चेहरा हिरवा. मी लिंबू दिलं. त्यांनी "धन्यवाद" असं म्हटलं, जशी पावतीच दिली.

२१ जानेवारी

पहिली थप्पी, नमुन्याची, उभी राहिली! आमचा तुळशीराम वढावचा आगरी, प्रेसवर त्याची हयात गेली. पत्र्याला आकार देणारा प्रेसचा साचा, म्हणजे डाय, त्याने अशी घासून ठेवलीय की पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवा, ओरखडा नाही.

साहेबांच्या कागदावर थप्पीची लांबी लिहिलीय आणि जॅकचा दाब लिहिलाय. पत्रे किती, ते लिहिलेलं नाही. पत्रा कुठे केसभर जाड, कुठे केसभर बारीक, म्हणून. लांबी बरोबर भरली. तुळशीराम पाटी ठेवायला निघाला तेवढ्यात मी बोलले, "थांब. दोन अजून टाक."

"ताय, लांबी वाढंल ना."

"जॅकचा दांडा अजून एकदा ओढ. बसतील."

बसले. लांबी तीच, लोखंड जास्त. तुळशीराम बोलला, "कागदावर तं ह्ये न्हाय." मी बोलले, "कागदावर नसतं म्हणूनच त्याला वर म्हणतात."

आता ह्यात काय चुकलं? बाजारात मी वाटा लावायचे, गिऱ्हाइकाने भाव कबूल केला की वर एक टाकायची. गोड बोलणारं असेल तर दोन. तोंड वाकडं करणारं असेल तर शून्य, जा घरी. वर टाकल्याशिवाय माल दिला तर हात कसे रिकामे रिकामे वाटतात. प्रयोगशाळा झाली म्हणून काय झालं, गिऱ्हाईकच ना? भागीदार तर आणखी जवळचा.

प्रयोगशाळेने पाठवलेल्या खास पत्र्यातून थोडे जादा कापलेलेच आहेत, चाचणीला म्हणून. त्यातलेच टाकले. कोणाच्या घरचं नेलं नाही.

१२ फेब्रुवारी

नमुना पास! नुसता पास नाही, साहेबांनी मेलवर लिहिलं, "नमुना समाधानकारक. ह्याच्याच बरहुकूम उरलेले सात करावेत." हेतलने मोठ्याने वाचलं. मी तिला तीनदा वाचायला लावलं. "समाधानकारक" हा शब्द मला जरा सुका वाटला, पण हेतल बोलली, त्यांच्यात एवढं म्हणणं म्हणजे मुका घेणंच आहे. कार्टीचं तोंड.

नमुना मुंबईला विनेशभावजींच्या टेम्पोतून गेला. स्वतः चालवत गेले, मांडव्याच्या रो-रो बोटीवर चढवताना खाली गाद्या घातल्या म्हणे. तुळशीराम कौतुकाने सांगत होता. मी बोलले, "गाद्या कशाला? धक्का बसलेला दिसू नये म्हणून." माणूस ओळखायला वीस वर्षं बाजारात बसावं लागतं.

दुसऱ्या थप्पीलाही दोन टाकले. आनंदाने.

२२ फेब्रुवारी

आज माझं डोकं फिरलंय.

साहेबांना खाडीतला जिताडा पाठवला होता. ताजा, हाताएवढा, बर्फात घालून, माणूस देऊन. आमच्या रायगडात जिताडा पोचला की साहेब लोक आपणहून फोन करतात. इथे दुपारी माणूस परत, जिताडा परत, वर चिठ्ठी: "प्रयोगशाळा पुरवठादारांकडून भेटवस्तू स्वीकारत नाही."

पुरवठादार! हॉटेलात गुच्छ देताना भागीदार आणि मासा दिला की पुरवठादार? भेटवस्तू काय, मी काय चांदीचा गणपती पाठवला? शाकाहारी असतील तर तसं सांगायचं, मी अळूवड्या पाठवल्या असत्या. नाकाने कांदे सोलणारी जात मेली!

जिताडा आम्हीच खाल्ला. घशाखाली उतरत नव्हता, पण खाल्ला.

तिसऱ्या थप्पीला एकही पत्रा वर नाही. कागदाप्रमाणे घ्या म्हटलं. तुळशीरामने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, त्याने मुकाट बोल्ट आवळले.

२ मार्च

चौथ्यालाही शून्य. राग अजून आहे. साहेबांचा मेल आला की पाट्यांचा रंग अर्धी छटा उजळ दिसतोय. अर्धी छटा! रंगारी का नाही झाले?

१५ मार्च

आजचा दिवस मी विसरणार नाही.

साहेब पाहणीला आले. आणि नेमके भावजी पण टपकले, सोबत कोणी मुंबईचा माणूस, डोक्यावर गॉगल, शॉपच्या मागची सुपारीची झाडं मोजतोय. भावजी साहेबांच्या पुढे झाले. हात पुढे केला. बोलले, "नमस्कार, मी विनेश. शॉप आमचंच. काही अडलं तर मला सांगत जा. वहिनींना टेक्निकल एवढं—"

साहेबांनी हात मिळवला. मग त्याच बारीक आवाजात बोलले, "माझा व्यवहार केसरबाईंशी आहे. कामाबद्दल मी त्यांच्याशीच बोलेन." आणि वळून मला विचारलं, "बाई, जॅकचा गेज शेवटचा कधी तपासला?"

बस. एवढंच. पण माझा ऊर असा भरून आला की गेज कधी तपासला ते मला आठवेना. तीन वर्षं ह्या खुर्चीत बसतेय, आणि पहिल्यांदा कोणी परक्या माणसाने चार लोकांत सांगितलं की खुर्ची माझी आहे. संडासात जाऊन डोळे पुसून आले. हेतलला बोलले, धूळ गेली.

गॉगलवाल्याला भावजींनी बाहेर नेलं. "पावसानंतर बघू" असं काहीतरी सांगत होते. भाव वाढवायचा डाव, दुसरं काय.

पाचव्या थप्पीला चार टाकले. चार! जॅकचा दांडा ओढायला तुळशीराम आणि मी दोघं लागलो. तुळशीराम बोलला, "ताय, फार होतंय." मी बोलले, "ज्याला द्यायचं त्याला भरभरून द्यावं." हे मॅग्नेट कणांना असं वळवील की बघत राहतील.

३ एप्रिल

सहावं, सातवं, आठवं झालं. सगळ्यांना दोन-दोन. राग निवला की माझा हात आपोआप नीट चालतो. आठही मुंबईला पोचली. शॉपमध्ये पेढे वाटले. भावजींनी पेढा घेतला आणि बोलले, "वहिनी, भावाने बघायला पाहिजे होतं हे." बघा, भावाचं नाव काढून मला हळवी करायचं चाललंय. मी पेढ्याचा डबा बंद केला.

२४ एप्रिल

वाईट बातमी.

साहेबांचा फोन आला. आठही मॅग्नेटं मोजली. पाच सारखी आहेत, तीन नाहीत. तीन नाहीत म्हणजे आठही नाहीत, कारण सगळ्यांनी कणांना सारखंच वळवलं पाहिजे, नाहीतर कण भिंतीवर. साहेब बोलले, "बहुतेक तुमची डाय झिजली आहे. पत्र्याचा आकार बदलत असावा. तसं असेल तर नवी डाय, नवे पत्रे, दिवाळी उजाडेल. मग हे काम दुसरीकडे द्यावं लागेल. सोमवारी येतो."

तुळशीरामला सांगितलं. त्याने डाय काढली, पुसली, उजेडात धरली, परत पुसली. मग बाहेर जाऊन बाकड्यावर बसला. त्याला सगळं ठाऊक आहे. त्याच्याच हातांनी तर घातले पत्रे. पण तो मरेल, माझं नाव घेणार नाही.

मला अजून कळत नाही की वर दिल्याने कोणाचं वाईट कसं होईल. पण कोणती तीन, ते साहेबांनी फोनवर सांगितलं. तिसरं, चौथं, पाचवं. ते ऐकल्यापासून ह्या डायरीची मागची पानं परत परत उलटतेय.

२६ एप्रिल

हेतलला सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. बोलली, "आई, तू पत्र्यांत वाटा लावलास?"

मी बोलले, बरं, आता काय करू ते सांग. खरं बोलले तर साहेब बोलतील, कागद मोडला, काम रद्द. आणि काम रद्द म्हणजे सही, सही म्हणजे बंगला. गप्प राहिले तर डायवर ठपका, तरी काम जाणार, पण निदान माझं हसं होणार नाही. ठपका डायवर.

"डायवर म्हणजे तुळशीरामकाकांवर," हेतल बोलली.

मी बोलले, मला कळतं. तिने विचारलं, "मग?" मी तिच्यावर खेकसले. दुसरं काय करणार होते?

२७ एप्रिल

साहेब आले. आज समुद्र शांत होता, चेहरा नेहमीचाच होता. शॉपमध्ये टेबलावर त्यांनी एक आलेख पसरला. भावजी दारात उभे. बोलावलं नव्हतं. सही घ्यायला आले असणार, पेन खिशाला होतंच.

साहेब बोलले, "कमी करंटला आठही सारखी चालतात. पूर्ण करंट दिला की हे बघा." आठ टिंबं होती. पाच एका रेषेवर गुण्यागोविंदाने. तिसरं, चौथं खाली पडलेली. पाचवं वर, एकटंच, टाळकं फिरल्यासारखं. "लोखंड कमी-जास्त असल्यासारखं वागतात. पण लांबी तर सगळ्यांची अचूक आहे. म्हणून डाय."

हेतल माझ्या कानाशी कुजबुजली, "आई, हे तिसरं म्हणजे जिताडा. हे रंगाचं. आणि हे पाचवं म्हणजे तू संडासात रडलीस ते."

माझा राग, माझा आनंद, मेलं सगळं त्या कागदावर टिंबं टिंबं होऊन पसरलं होतं, आणि हा माणूस चष्मा लावून बघत होता. माझ्या नवऱ्यालाही माझं मन एवढं नीट दिसलं नव्हतं.

साहेब तुळशीरामकडे वळले. "डाय शेवटची धार कधी लावली?"

तुळशीरामने मान खाली घातली. बोलला, "झिजली आसंल, सायेब."

झिजली असेल! जी डाय तो पोटच्या पोरासारखी जपतो तिला तो माझ्यासाठी झिजलेली बोलला. मला सहन झालं नाही. मी टेबलावर हात आपटला.

"डाय झिजली नाही! तुमच्या जिताड्याने झालंय हे!"

साहेबांनी चष्मा काढला.

मग मी सगळं सांगितलं. वाटा, वर, गोड गिऱ्हाईक, वाकडं गिऱ्हाईक. चिठ्ठी आली म्हणून तिसऱ्याला शून्य, रंगाला नावं ठेवली म्हणून चौथ्याला शून्य. पाचव्याला चार का, तिथे अडखळले, कारण भावजी दारातच होते. पण सांगितलं. "तुम्ही बोललात ना, व्यवहार केसरबाईंशी आहे. म्हणून चार." आणि वर हेही बोलले, "बाकी सगळ्यांना दोन. माझ्या हाताला तशी सवय आहे, साहेब. मी काही चोरलं नाही, जास्तच दिलं."

साहेबांनी चष्मा पुसून परत लावला.

साहेबांनी विचारलं, "नमुन्यात किती?"

"दोन."

"म्हणजे जो नमुना आम्ही पास केला, ज्याच्यावरून सगळं गणित मांडलं, त्यात दोन जास्त होते."

"हो."

ते खाली बसले. कागदाच्या कोपऱ्यावर काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मग बोलले, "बाई, तुम्ही सगळ्यांना दोन टाकले असते, तर आम्हाला आयुष्यात कळलं नसतं. सगळ्यांना शून्य टाकले असते, तरी चाललं असतं. आम्हाला कमी चालतं, जास्त चालतं. फक्त तुमची मर्जी चालत नाही."

मी बोलले, "मग आता?"

"पाच बरोबर आहेत. तीन उघडायची. तिसऱ्या आणि चौथ्यात दोन-दोन घालायचे. पाचव्यातून दोन काढायचे. माझ्या वरच्यांना हे पटवावं लागेल. पटेलच असं नाही. आणि आधी ती तीन इथे परत यायला हवीत."

तेवढ्यात भावजी दारातून बोलले, "टेम्पो माझा आहे, साहेब. परवानगी द्या, उद्याच आणतो. पावसाला अजून महिना आहे."

बघा केवढी घाई! नापास व्हायचं तर लवकर व्हावं, म्हणून. पण टेम्पोशिवाय मला गत्यंतर नव्हतं, मी मान हलवली.

साहेब गेल्यावर तुळशीराम डायवर तेल चोळत बसला होता. मी जवळ गेले. बोलले, "चहा घेशील?" तो बोलला, "घेतंव ना." झालं.

६ मे

परवानगी आली. मॅग्नेटं आली. एक अट आलीय: थप्पी उघडताना साहेब स्वतः हजर राहणार, आणि इथून पुढे प्रत्येक थप्पी वजन करून जाणार. वजन! मासळीच्या बाजारात काटा आणला तेव्हा अशीच लाज वाटली होती.

आज तिसरं आणि चौथं उघडलं. जादा पत्रे बघितले तर दोनच शिल्लक. बाकीचे मीच वाटून बसलेय. ते दोन तिसऱ्यात घातले. चौथ्याला पाहिजेत ते पाचव्यातूनच निघणार. प्रयोगशाळेचा दुसरा पत्राच उरला नाही.

आमच्यात वर टाकलेली मासळी परत उचलत नाहीत. गिऱ्हाईक टोपलीत टाकून चार पावलं गेलं, मग कळलं की खोटं नाणं दिलं, तरी वर टाकलेली मागायची नाही. भांडायचं ते नाण्यावरून. दिलेलं परत घेतलं की हात सडतो असं आई सांगायची. मी हेतलला बोलले, तू काढ. तुळशीरामला बोलले, तू काढ. दोघं माझ्याकडे बघत उभे. शेवटी मीच बोल्ट सैल केले.

जॅकचा दाब उतरला तशी थप्पी जरा फुगली, श्वास सोडल्यासारखी. वरचा पत्रा काढला. दुसरा काढला. साहेब शेजारी उभे होते. मी त्यांच्याकडे न बघता बोलले, "तुम्हाला दिलेले होते."

ते बोलले, "माझ्याकडून परत घेत नाही आहात, बाई. मशीनकडून घेताय." वहीत आकडा लिहिला, मग बोलले, "मला ते पोचले."

अगो बाय. ह्या सुक्या बोंबलाकडून असं वाक्य! अशा वेळी माझा हात आपसूक पत्र्यांकडे जातो. आज गेला. पण एकही पत्रा शिल्लक नव्हता, आणि असता तरी काटा होता. दोन्ही हात पदराला पुसले आणि चौथ्याच्या थप्पीकडे वळले.

२२ मे

पास.

आठही. मेलमध्ये साहेबांनी लिहिलंय, "आठही मॅग्नेटांत लक्षणीय फरक आढळला नाही." आणि पुढच्या मशीनसाठी चोवीस मॅग्नेटांचं विचारलंय. नवीन कागदात दोन जादा पत्र्यांचं वजन आता रीतसर धरलंय. म्हणजे माझं वर त्यांनी आत घेतलं, ड्रॉइंगवर सहीशिक्क्यानिशी. आता ते दोन टाकले तर मी फक्त काम केलं. न टाकले तर गुन्हा.

शॉप वाचलं. मी हरेश्वरच्या फोटोसमोर जाऊन हे मोठ्याने बोलले आणि मग खूप रडले. हेतल पण रडली. तुळशीरामने डायला हार घातला.

तरी ते "फरक आढळला नाही" मनात राहून राहून येतंय. एवढा जीव ओतला आणि शाबासकी कसली, तर कुठलं कुठलं ते ओळखू येत नाही!

२५ मे

भावजी संध्याकाळी आले. कागद स्वतःच करून आणला होता: शॉप आणि जागा केसरच्या ताब्यात, विक्रीची बोलणी बंद. मी सगळीकडून वाचला, काहीतरी खोट असणार म्हणून. हेतलने वाचला. खोट नव्हती. त्यांनी सही केली. मी बोलले, "गॉगलवाल्याला काय सांगाल?" ते बोलले, "त्याला मार्चमध्येच नकार दिला होता, वहिनी. तुमच्या समोरच बाहेर नेला ना." मला काही ते खरं वाटेना. पण मग खोटं बोलून आता त्यांना मिळणार काय, हेही कळेना.

जेवायला थांबवलं. हेतल, तुळशीराम, भावजी आणि मी. सुरमई तळली होती. वाढताना गेल्या तीन आठवड्यांची सवय झालेली, वजनकाटा नसला तरी हात मोजूनच चालतो. प्रत्येकाला दोन तुकडे. हेतलला दोन, तुळशीरामला दोन, भावजींना दोन, मला दोन.

भावजी ताटाकडे बघत राहिले. जेवेनात. मला वाटलं काटा लागला.

मग हळू आवाजात बोलले, "वहिनी, आज मला वर टाकलात?"

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. तीन वर्षं हा माणूस माझ्या घरी सणासुदीला जेवला, आणि तीन वर्षं मी त्याला एकच तुकडा वाढला. बाकीच्यांना दोन. मी कधी ठरवलं नव्हतं. हातच तसा चालायचा. आणि त्याला ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं, आणि तो एकच खाऊन, छान झालंय म्हणून उठायचा. मला एवढी लाज वाटली की वर बघवेना.

माझ्या ताटातला एक तुकडा उचलला आणि त्यांच्या ताटात ठेवला.

"ते दोन तुमचेच होते, भावजी," मी बोलले. "वर हा."